नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात: पगारातून कर किती कापायला सांगायचा?

भारतात पगारातून टीडीएस कापला जातो तेव्हा नवऱ्याचा हिशेब नवऱ्याचा आणि बायकोचा बायकोचा. दोघांची रिटर्न्स वेगळी, दोघांचे स्लॅब वेगळे. एकाचा पगार वाढला म्हणून दुसऱ्याच्या पगारावरचा कर वाढत नाही. अमेरिकेत येताना आपण हीच समजूत सोबत घेऊन येतो आणि पहिला फटका तिथेच बसतो. इथे बहुतेक जोडपी संयुक्त रिटर्न भरतात. दोघांचे पगार एकत्र होतात आणि त्या बेरजेवर कर लागतो. पण कर कापणाऱ्या दोन कंपन्यांना एकमेकींची खबरही नसते. प्रत्येकीला वाटतं, या घरात कमावणारं माणूस आपल्याकडे आहे तेवढं एकच.

आम्ही न्यू जर्सीत प्लेन्सबरोला राहतो. मी प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला जाते, नवरा डेलावेअर नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात. घर एका राज्यात आणि पगार दुसऱ्याच दोन राज्यांतून. दोघंही नोकरीला लागलो त्या वर्षी पहिल्या दिवशी हातात पडलेले फॉर्म आम्ही पाच मिनिटांत भरून टाकले. 'मॅरीड फायलिंग जॉइंटली' (विवाहित, संयुक्त रिटर्न) या पर्यायावर खूण केली, खाली सही केली, झालं. पुढच्या एप्रिलमध्ये फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कराचे आठ हजारांहून जास्त डॉलर एकरकमी भरावे लागले, वर दंड. नवऱ्याच्या पगारातून तर वर्षभर भलत्याच राज्याचा कर जात होता. त्या उन्हाळ्यात भारतात जायची तिकिटं आम्ही काढली नाहीत. आमच्यासारख्या दुसऱ्या कुठल्या घरावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. आकडे २०२६ या करवर्षाचे आहेत.

दोघांनी एकत्र बसायचं

हे काम एकट्याने करायचं नाही. दोघांनी एका टेबलाशी बसायचं आणि समोर हे कागद ठेवायचे: दोघांच्या शेवटच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या), मागच्या वर्षीचं फेडरल आणि राज्याचं रिटर्न, आणि भारतातलं उत्पन्न असेल तर त्याचा अंदाज. पे-स्टबवर दोन गोष्टी शोधा. वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर किती कर कापला गेला, आणि तो कोणत्या राज्याच्या नावाने कापला गेला. राज्याचं दोन अक्षरी नाव सहसा बारीक अक्षरात असतं. आमच्या घरातली निम्मी चूक त्या दोन अक्षरांत होती.

आधी फेडरल: डब्ल्यू-४

राज्य कोणतंही असो, फेडरल हिशेब सगळ्यांना सारखाच. पगारातून किती फेडरल कर कापायचा ते कंपनीला सांगणारा फॉर्म म्हणजे डब्ल्यू-४. २०२० पासून तो बदलला आणि 'अलाउन्स'चे (जास्त लिहिले की कर कमी कापला जातो, असे) आकडे गेले. जुन्या सल्ल्यांत अजून 'शून्य टाक' किंवा 'एक टाक' असं ऐकायला येतं, ते फेडरलपुरतं आता निरर्थक आहे.

समजा, दोघांचा पगार प्रत्येकी १,००,००० डॉलर आहे. दोघांनी फक्त 'मॅरीड फायलिंग जॉइंटली'वर खूण करून बाकी फॉर्म कोरा ठेवला. मग पहिली कंपनी जोडप्याचं पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ३२,२०० डॉलर, वजा करते आणि उरलेल्या ६७,८०० वर जोडप्याच्या स्लॅबने कर काढते. तो येतो ७,६४० डॉलर. दुसरी कंपनीही नेमकं तेच करते. एकूण कापले गेले १५,२८०.

आता खरा कर पाहू. दोन लाखांतून ३२,२०० एकदाच वजा होणार, उरले १,६७,८००. त्यातल्या पहिल्या २४,८०० वर १० टक्के, तिथून १,००,८०० पर्यंत १२ टक्के आणि वरच्या ६७,००० वर २२ टक्के. बेरीज २६,३४०. म्हणजे ११,०६० डॉलर कमी कापले गेले. यात कुणी लबाडी केली नाही, पेरोलची, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाचीही चूक नाही. वजावट दोनदा धरली गेली आणि खालचे स्वस्त स्लॅबही दोनदा वापरले गेले, एवढंच.

यावरचा उपाय फॉर्मच्या दुसऱ्या पायरीत आहे. तिथे तीन वाटा दिलेल्या आहेत आणि त्यांतली एकच धरायची.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे २ सी ही चौकट. घरात मिळून दोनच नोकऱ्या असतील तर दोघांनीही आपापल्या फॉर्मवर तिथे खूण करायची. एकानेच केली तर उपयोग अर्धवट. या खुणेमुळे प्रत्येक कंपनी स्टँडर्ड डिडक्शन आणि स्लॅब निम्मे धरते. वरच्या उदाहरणात प्रत्येकाचे १३,१७० कापले जातात, दोघांचे मिळून २६,३४०. डॉलरला डॉलर जुळतो.

पण हा मेळ पगार सारखे असताना बसतो. एकाचा १,६०,००० आणि दुसऱ्याचा ६०,००० असेल तर २ सी ने वर्षाला साधारण १,४०० डॉलर जास्त कापले जातात. ते रिफंड म्हणून परत मिळतात, त्यामुळे नुकसान होत नाही, पण महिन्याचा हात आखडतो. कमी पगार हा जास्त पगाराच्या निम्म्याहून मोठा असेल तर २ सी चांगली चालते. तफावत त्याहून जास्त असेल तर दुसरी वाट घ्या: २ बी, म्हणजे फॉर्मसोबतचा मल्टिपल जॉब्स वर्कशीट. त्यात एक कोष्टक आहे. जास्त पगाराची ओळ आणि कमी पगाराचा स्तंभ जिथे मिळतात ती वर्षाची रक्कम. तिला वर्षातल्या पगारांच्या संख्येने भागायचं आणि येणारा आकडा ४ सी मध्ये (दर पगारी जादा कापायच्या रकमेची ओळ), फक्त जास्त पगारवाल्याच्या फॉर्मवर लिहायचा. ही वाट घेतली तर २ सी वर खूण करायची नाही. दोन्ही एकदम केलं की कर दुप्पट सावधगिरीने कापला जातो आणि मग 'हातात एवढाच पगार कसा?' असा प्रश्न पडतो.

तिसरी वाट आयआरएसच्या (फेडरल कर खात्याच्या) संकेतस्थळावरचा विथहोल्डिंग एस्टिमेटर, म्हणजे किती कर कापायचा त्याचा अंदाज काढून देणारं साधन. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली असेल, बोनस आला असेल किंवा एखाद्याच्या दोन नोकऱ्या असतील तर याला पर्याय नाही. पे-स्टबवरचे आकडे भरायला अर्धा तास जातो.

एक शंका मला वारंवार विचारली जाते: डब्ल्यू-४ वर 'सिंगल' लिहिलं तर रिटर्नही तसंच भरावं लागेल का? नाही. डब्ल्यू-४ हा कंपनीला दिलेला निरोप आहे, रिटर्नवरचं तुमचं वैवाहिक स्टेटस त्याने ठरत नाही. खूप मोठे पगार सोडले तर दोघांनी 'सिंगल' लिहिणं आणि दोघांनी 'मॅरीड' लिहून २ सी वर खूण करणं यांचा परिणाम जवळपास एकच असतो.

तिसरी पायरी मुलांची. सतरा वर्षांखालच्या, सोशल सिक्युरिटी नंबर असलेल्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलर. हे एकाच फॉर्मवर लिहायचं, शक्यतो जास्त पगाराच्या. दोन मुलं असताना दोघांनीही ४,४०० लिहिले तर तेवढाच खड्डा पडणार. आणि एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम: भारतात राहणाऱ्या आईवडिलांना आपण दरमहा पैसे पाठवत असलो तरी त्यांना इथे 'डिपेंडंट' म्हणून लिहिता येत नाही. ते अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नसतील, तर त्यांच्या नावाचे ५०० डॉलर मिळत नाहीत.

चौथ्या पायरीतली ४ ए ही ओळ बहुतेक जण कोरी सोडतात. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातल्या) ठेवींचं व्याज, हे सगळं अमेरिकेत करपात्र आहे. एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्यातल्या) ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, अमेरिकेत नाही. ही रक्कम ४ ए मध्ये लिहिली की कर थोडा थोडा पगारातून जातो. कंपनीला ही माहिती द्यायची नसेल तर ४ ए कोरी सोडा आणि दर पगारी किती जास्त कापायचे तो आकडा ४ सी मध्ये लिहा. पैसे कुठून आले ते मग कुणाला कळत नाही.

जास्त पगाराच्या जोडप्यांसाठी अजून एक सापळा आहे. जोडप्याचे पगार मिळून २,५०,००० च्या वर गेले की वरच्या रकमेवर ०.९ टक्के जादा मेडिकेअर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) कर लागतो. पण कंपनी तो एका माणसाचा पगार २,००,००० ओलांडल्यावरच कापायला लागते. दीड-दीड लाख कमावणाऱ्यांचा एक पैसाही कापला जात नाही आणि रिटर्न भरताना ४५० डॉलर निघतात. आरएसयू (मोबदल्यात मिळणारे कंपनीचे शेअर) आणि बोनसचंही असंच. त्यांवर सहसा सरसकट २२ टक्के कापतात, आणि तुमचा स्लॅब २४ किंवा ३२ चा असेल तर उरलेलं तुमच्या अंगावर येतं. दोन्हींचा उपाय एकच, ४ सी मध्ये आकडा.

मग राज्य: तीन प्रश्न, याच क्रमाने

घर कुठे? काम कुठे? आणि त्या दोन राज्यांत करार आहे का? हे प्रश्न नवऱ्यासाठी एकदा आणि बायकोसाठी पुन्हा एकदा विचारायचे. एकाच घरात दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात. आमची आली.

मूळ नियम असा. तुम्ही जिथे राहता ते राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावतं, मग ते कुठेही कमावलेलं असो. जिथे काम करता ते राज्य तिथे कमावलेल्या पगारावर कर लावतं. एकाच पगारावर दोन कर होऊ नयेत म्हणून राहतं राज्य दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराचं क्रेडिट देतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या करातून वजा करतं, पण त्या पगारावर त्याचा स्वतःचा कर जितका झाला असता तितक्यापुरतंच.

टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, नेवाडा, टेनेसी, साउथ डकोटा, वायोमिंग, अलास्का आणि न्यू हॅम्पशर या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. तिथे राहून तिथेच काम असेल तर हा भाग सोडून द्या.

काही शेजारी राज्यांत 'रेसिप्रॉसिटी'चा करार असतो: कर फक्त राहत्या राज्याने घ्यायचा. न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियात असा करार आहे. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यात आहे. इलिनॉयचा आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहे. न्यूयॉर्कचा मात्र न्यू जर्सीशीही नाही आणि कनेक्टिकटशीही नाही. करार फक्त पगाराला लागू असतो, धंद्याच्या उत्पन्नाला नाही. आणि तो आपोआप लागू होत नाही, त्यासाठी कंपनीला फॉर्म द्यावा लागतो.

पेन्सिल्व्हेनियात काम, न्यू जर्सीत घर

हा माझ्या नवऱ्याचा मामला. त्याने पेरोलला आरईव्ही-४१९ हा फॉर्म द्यायला हवा होता. 'मी न्यू जर्सीचा रहिवासी आहे, पेन्सिल्व्हेनियाचा कर कापू नका' एवढंच तो फॉर्म सांगतो. तो दिला नाही, म्हणून वर्षभर ३.०७ टक्क्यांनी पेन्सिल्व्हेनियाचा कर गेला. लाखाला ३,०७० डॉलर. ते परत मिळाले, पण त्यासाठी तिथलं अनिवासी रिटर्न भरावं लागलं, आणि तोवर न्यू जर्सीचा पूर्ण कर खिशातून द्यावा लागला. करार असल्यामुळे त्या पगारावर भरलेल्या पेन्सिल्व्हेनियाच्या कराचं क्रेडिट न्यू जर्सी देत नाही. ती म्हणते, तुम्ही तो भरायलाच नको होता. तिचं बरोबर आहे.

फॉर्म देतानाच पेरोलला दुसरा प्रश्न विचारा: आता न्यू जर्सीचा कर कापाल का? काही कंपन्या कापतात, काही नाही म्हणतात. नाही म्हटलं तर पेन्सिल्व्हेनियाचा कर थांबतो, न्यू जर्सीचा सुरू होत नाही, पगार वाढल्यासारखा वाटतो आणि एप्रिलमध्ये सगळं एकदम समोर येतं. अशा वेळी न्यू जर्सीला तिमाही अंदाजे कर स्वतः भरायचा.

उलटा प्रवास असेल, म्हणजे घर पेन्सिल्व्हेनियात आणि काम न्यू जर्सीत, तर फॉर्म एनजे-१६५.

आणि पेन्सिल्व्हेनियातलं फिलाडेल्फिया शहर वेगळं. करार राज्याच्या कराचा आहे, शहराच्या नाही. शहरात काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाला १ जुलै २०२५ पासून ३.४३ टक्के वेज टॅक्स लागतो आणि कोणताही फॉर्म देऊन तो थांबत नाही. समाधान एवढंच की न्यू जर्सी त्या शहरी कराचं क्रेडिट देते. कंपनीनेच घरून काम करायला लावलं असेल तर त्या दिवसांचा वेज टॅक्स शहराकडून परत मागता येतो, म्हणून कंपनीचं तसं पत्र जपून ठेवा.

न्यूयॉर्कमध्ये काम, न्यू जर्सीत घर

हा माझा मामला. इथे करार नाही. न्यूयॉर्कचा कर पगारातून जाणारच, आणि त्यासाठीचा फॉर्म आयटी-२१०४. फेडरलने टाकून दिलेले अलाउन्स या फॉर्मवर अजून आहेत. दोघंही न्यूयॉर्कमध्ये काम करत असाल तर सगळे अलाउन्स जास्त पगाराच्या माणसाने घ्यावेत, दुसऱ्याने शून्य लिहावं. जोडीदार दुसऱ्या राज्यात कमावत असेल तर मी 'विवाहित, पण सिंगलच्या वरच्या दराने कापा' ही चौकट निवडते आणि अलाउन्स शून्य ठेवते. कारण असं की न्यूयॉर्क अनिवासी माणसाचा कर काढताना आधी एकूण उत्पन्नावर कर काढतं, जणू ते सगळं न्यूयॉर्कचंच आहे, आणि मग न्यूयॉर्कच्या हिश्श्याचं प्रमाण लावतं. संयुक्त रिटर्न असेल तर नवऱ्याचा पेन्सिल्व्हेनियातला पगार माझा न्यूयॉर्कचा दर वर ढकलतो. माझ्या कंपनीला हे कळायला काही मार्ग नाही.

घरून काम केलेल्या दिवसांबद्दल बऱ्याच जणांची निराशा होते. आयटी-२१०४.१ नावाचा एक फॉर्म आहे, त्यात पगाराचा किती भाग न्यूयॉर्कबाहेर कमावला ते लिहिता येतं. पण आठवड्यातले दोन दिवस प्लेन्सबरोच्या घरातून काम केलं तर ते त्यात धरता येत नाहीत. घरून काम हे कंपनीच्या गरजेपोटी नसून कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी असेल तर न्यूयॉर्क ते दिवस आपलेच मोजतं. कंपनीने सॅन होजेला किंवा डॅलसला कामासाठी पाठवलेले दिवस वेगळे, ते खरोखर बाहेरचे. त्यांची तारीखवार नोंद ठेवा.

शहराचा कर मात्र आपल्याला नाही. न्यूयॉर्क शहराचा ३.०७८ ते ३.८७६ टक्के आयकर फक्त शहरात राहणाऱ्यांना लागतो. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समधून न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीला घर हलवलं की नवा आयटी-२१०४ द्या आणि शहरातली रहिवासी नाही असं लिहा. घर बदलल्याचं आपण बँकेला कळवतो, शाळेला कळवतो, पेरोलला विसरतो, आणि शहराचा कर महिनोन्महिने जात राहतो.

न्यू जर्सीचा हिशेब दोघांचा मिळून

पुन्हा प्रत्येकी १,००,००० चं उदाहरण घेऊ. दोन लाखांवर न्यू जर्सीचा संयुक्त कर ढोबळमानाने ८,७०० डॉलर. त्यातला निम्मा पगार न्यूयॉर्कचा, म्हणून क्रेडिट जास्तीत जास्त निम्म्या करापुरतं, सुमारे ४,३५०. न्यूयॉर्कने माझ्याकडून त्याहून जास्त घेतलेले असतात, पण वरचा फरक न्यू जर्सी भरून देत नाही. उरलेले ४,३५० नवऱ्याच्या पगारातून जायला हवेत.

त्याच्या कंपनीने त्याला एकटाच कमावता धरलं तर लाखावर जोडप्याच्या स्लॅबने साधारण २,७५० कापले जातात. म्हणजे १,६०० कमी. यासाठी एनजे-डब्ल्यू४ या फॉर्मवर वेज चार्ट आहे. एका बाजूला एकाचा पगार, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा, आणि दोन्ही मिळतात तिथे ए ते ई पैकी एक अक्षर. ते अक्षर तिसऱ्या ओळीत लिहायचं. जोडीदार न्यूयॉर्कमध्ये कमावतो, त्याचा न्यू जर्सीशी काय संबंध, असं म्हणून चार्ट टाळू नका. न्यू जर्सीचा दर दोघांच्या बेरजेवरच ठरतो.

डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगार-कराच्या दाखल्यावर) राज्याचा पगार फेडरलपेक्षा जास्त दिसला तर दचकू नका. एचएसएमध्ये (आरोग्यखर्चाच्या बचत खात्यात) टाकलेले पैसे न्यू जर्सी करमुक्त धरत नाही. पेन्सिल्व्हेनिया तर ४०१ केमध्ये (निवृत्तीच्या बचत खात्यात) टाकलेल्या पगारावरही कर लावतं.

घरंच दोन असतील तर

एकजण कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, दुसरा टेक्सासमध्ये ऑस्टिनला, भेट महिन्यातून दोनदा. अशी बरीच मराठी जोडपी आहेत. त्यांना वाटतं, टेक्सासमध्ये राज्याचा कर नाही, म्हणजे एकाचा पगार सुटला. तसं होत नाही.

कॅलिफोर्निया आणि टेक्सास दोन्ही 'कम्युनिटी प्रॉपर्टी'ची राज्यं आहेत. अशी एकूण नऊ: अॅरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुईझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सास, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन. इथल्या कायद्याने लग्नानंतर कमावलेला पगार दोघांचा निम्मा-निम्मा. कायदा कोणता लागणार ते कमावणाऱ्याच्या कायमच्या ठिकाणावरून, म्हणजे डोमिसाइलवरून ठरतं. ऑस्टिनच्या नवऱ्याचा पगार टेक्सासच्या कायद्याने निम्मा बायकोचा, आणि बायको कॅलिफोर्नियाची रहिवासी. म्हणून त्या निम्म्यावर कॅलिफोर्निया कर लावते. बायकोचा निम्मा पगार नवऱ्याचा, पण तो कमावला कॅलिफोर्नियात, म्हणून तोही सुटत नाही. एक जोडीदार वर्षभर बाहेर असेल आणि त्याचं कॅलिफोर्नियातलं काही उत्पन्न नसेल, तर फेडरल संयुक्त आणि कॅलिफोर्नियाचं वेगळं रिटर्न भरायची मुभा आहे. पण याच निम्म्या-निम्म्या नियमामुळे ती या जोडप्याला सहसा मिळत नाही.

नवरा टेक्सासऐवजी न्यू जर्सीत असता तर त्याचा पगार त्याचाच राहिला असता, कारण न्यू जर्सी कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य नाही. सनीव्हेलच्या जोडीदाराने कॅलिफोर्नियाच्या डीई ४ फॉर्मवर जादा रक्कम लिहून घ्यावी, आणि अशा जोडप्याने पहिल्या वर्षी तरी सीपीएची (इथल्या सीएची) फी द्यावी. व्हिसावर असलेल्यांचं डोमिसाइल कुठलं, हा प्रश्न नाजूक आहे. तो ऐकीव माहितीवर सोडवू नका.

नुकतेच आलेल्यांसाठीही थोडं. करदृष्ट्या अजून 'नॉनरेसिडंट एलियन' (अनिवासी परदेशी) असाल तर डब्ल्यू-४ वर लग्न झालेलं असलं तरी 'सिंगल'च लिहावं लागतं, आणि ४ सी खाली एनआरए ही अक्षरं. स्टँडर्ड डिडक्शन अशा माणसाला नसतं. अपवाद भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांचा. भारत-अमेरिका कर करारातल्या २१ व्या कलमामुळे त्यांना ते मिळतं.

दंड टाळायची रेषा

फेडरलमध्ये शेवटी निघणारी बाकी १,००० डॉलरच्या आत असेल तर दंड नाही. जास्त असेल तरी या वर्षीच्या कराच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षीच्या पूर्ण कराइतकी रक्कम आधी भरलेली असेल तर दंड नाही. मागच्या वर्षीचं समायोजित उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर १०० ऐवजी ११० टक्के. न्यू जर्सीत ४०० डॉलरच्या वर बाकी निघणार असेल तर तिमाही हप्ते अपेक्षित आहेत: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी.

सप्टेंबरमध्ये बसून हिशेब केला आणि कर कमी जातोय असं दिसलं, तर हप्त्याने भरण्यापेक्षा पगारातून कापून घ्या. पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा भरला असं धरलं जातं, ऑक्टोबरात कापला तरी. हप्त्याला ही सवलत नाही, तो भरला त्या तारखेपासूनच धरतात. ३,००० कमी पडत असतील आणि दहा पगार उरले असतील तर ४ सी मध्ये ३०० लिहा. जानेवारीत तो आकडा कमी करायची आठवण मात्र आजच फोनमध्ये टाका, नाहीतर पुढचं वर्षभर ३०० जात राहतील.

नवा डब्ल्यू-४ दिल्यावर तो लागू करायला कंपनीला साधारण महिनाभराची मुदत असते. म्हणून फॉर्म देऊन काम संपत नाही. पुढच्या दोन पे-स्टब दोघांच्या शेजारी शेजारी ठेवा. फेडरलचा आकडा बदलला का, राज्याची दोन अक्षरं बरोबर आहेत का, शहराचा कर गेला का. माझ्या नवऱ्याच्या कंपनीने आरईव्ही-४१९ पहिल्यांदा फाइलला लावून ठेवला आणि पेरोलमध्ये बदल केलाच नाही. तो घोळ दुसऱ्या पे-स्टबवर दिसला, एका फोनवर दुरुस्त झाला, आणि त्या वेळी गेले होते फक्त दोन पगारांचे पैसे.